पिवळ्या सुईचे डॉक्टर

डॉक्टर पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आले ते पिवळे होऊन. हळद लागलेला नवरदेव मांडवातून उठून यावा तसे. पन्नाशीचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, त्यामुळे पिवळेपणा आणखीच उठून दिसत होता. मी काउंटरवरचा हात मागे घेतला. घरात तान्हं मूल होतं आणि मला कावीळ घरी न्यायची नव्हती. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "घाबरू नको रं. कावील नाय ही. मीच मना सुई टोचलीय. उद्या जाईल."

ते ऐकून मी रंग विसरलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहरा सिंधी, हातातल्या पिशवीवर उल्हासनगरच्या कापडदुकानाचं नाव, आणि बोलणं आमच्या बदलापूर गावातलं, अस्सल आगरी. पुढे कळलं, की उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. फाळणीनंतर लहानपणीच ते निर्वासितांच्या या कॅम्पात आले. शाळा सिंधी, कॉलेज इंग्रजी, बाजारात हिंदी. मराठी ते शिकले फक्त पेशंटांकडून, आणि पहिली पंधरा-वीस वर्षं त्यांचे मराठी पेशंट म्हणजे आसपासच्या गावांतले आगरी. मराठी म्हणजे हीच, अशी त्यांची साहजिकच समजूत झाली होती. अंबरनाथच्या कंपन्यांतल्या साहेबांच्या बायका चष्म्याचा नंबर काढायला यायच्या, त्यांनाही ते म्हणायचे, "ए बाय, हिकरं बघ. डोला मोठा कर. मी काय तुना खात नाय." बायका आधी फणकारायच्या आणि मग दर वर्षी त्यांच्याकडेच यायच्या.

माझा स्टुडिओ अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर. महाशिवरात्रीच्या जत्रेत जोडप्यांचे फोटो, एरवी पासपोर्टचे आणि स्थळ म्हणून पाठवायचे. तेव्हा रंगीत फिल्मचा सुळसुळाट नुकताच सुरू झाला होता. रोल कल्याणच्या लॅबमध्ये जायचा आणि धुऊन यायचा. ज्या डार्करूममध्ये मी दहा वर्षं उभा राहिलो, तिथं बायको कांदे-बटाटे ठेवायला लागली होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण बोलणार कोणाजवळ? डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "कांदे काढ. मना काले-पांढरे फोटो पायजेत. डोल्याच्या आतले."

डोळ्याच्या आतला फोटो काढता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लग्नात नवरीचे डोळे मिटलेले येऊ नयेत एवढीच काळजी घेणारा मी माणूस. पण कांदे मात्र त्याच दिवशी बाहेर काढले.

काचबिंदू हा मोठा लबाड रोग. मोतीबिंदूत धुरकट दिसतं, माणूस आपणहून डॉक्टरकडे येतो. काचबिंदूत नजर कडेने जाते. समोरचं वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येतं आणि बाजूने येणारी सायकल दिसत नाही. माणसाला वाटतं, सायकलवालाच आंधळा. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हातात असतं. डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. सिंधीत ताईला अदी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच त्यांना अदी म्हणायचो. डॉक्टर मुंबईत हॉस्टेलवर राहून डोळ्यांचंच शिकत होते, आणि इकडे घरी बहीण भिंतींना धडकत होती. ती म्हणायची, घर लहान आहे म्हणून धडकते. बराकीतलं घर लहान होतंच, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. डॉक्टरांनी तिचे डोळे पहिल्यांदा तपासले तेव्हा त्यांत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे डॉक्टरांनी मला कधी सांगितलं नाही. अदींनीच सांगितलं, तेही तिसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं, पापडाचे तुकडे करत करत. त्या दवाखान्यात दाराजवळ बसायच्या आणि येईल त्याच्या हातात भाजलेला पापड आणि पाणी द्यायच्या. सिंध्यांच्या घरी पाहुण्याला आधी पापड-पाणी मिळतं, आणि अदींच्या मते पेशंट हा पाहुणाच होता.

तर डॉक्टरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नजर जायच्या आधी काचबिंदू ओळखता यावा. कुठल्याशा जाड पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की हाताच्या शिरेत एक रंग टोचला की तो दहा-बारा सेकंदांत डोळ्यात पोचतो आणि निळ्या उजेडात चमकतो. डोळ्याच्या मागे जिथून नस मेंदूकडे निघते तिथं एक गोल चकती असते. चकती रंगाने पुरी भरली तर ठीक. एखादी फाक काळीच राहिली तर तिथं रक्त कमी पोचतंय, आणि पुढेमागे त्या डोळ्याला काचबिंदू होणार, असा कयास. खरंच होतो का, हे कोणी छातीठोक सांगत नव्हतं. डॉक्टरांनी ठरवलं की कॅम्प पाचमध्ये बसून आपणच बघायचं. मुंबईच्या एका इस्पितळाने मोडीत काढलेला कॅमेरा त्यांनी आणला, कॅम्पातल्या मिस्त्रीकडून त्याचा फ्लॅश ठीक करून घेतला, आणि दर गुरुवारी दुपारी पिवळ्या सुईचा दरबार सुरू झाला. फोटो ते काढायचे, फिल्म मी धुवायचो.

सुई टोचण्याआधी डॉक्टर पेशंटला समोर बसवून सगळं सांगायचे. "ह्या सुईनं तुजा डोला बरा होनार नाय. उलटी होईल. अंग पिवलं होईल, मुताला गेलास तं तेबी पिवलं. कोनाला जास्त तरास होतो, त्याचं औषध मी हिकरं काढून ठेवलंय. आनि ही सुई खरं सांगते का खोटं, ते मनाबी आजून म्हाईत नाय. आथा तू सांग, मी काय सांगलं?" पेशंटने सगळं परत म्हणून दाखवायचं. कोणी हात जोडून "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर" म्हणाला, की डॉक्टर त्याला पापड देऊन घरी पाठवायचे. एक किराणा दुकानदार तीनदा आला आणि तीनदा पापड खाऊन गेला. चौथ्या वेळी तो रागाने सगळं घडाघडा बोलला, तेव्हा कुठे त्याला सुई मिळाली.

रंगाचं नवं खोकं आलं की पहिली सुई डॉक्टर स्वतःला टोचून घ्यायचे. पेशंटला काय होईल ते आधी आपल्याला होऊ दे, हा त्यांचा हिशेब. एकदा असंच खोकं आलं आणि त्याच संध्याकाळी भाचीचं लग्न होतं, हे ते विसरले. मांडवात पिवळेधमक डॉक्टर शिरले. मुलाकडच्या मंडळींनी त्यांना बाजूला बसवून फक्त उसाचा रस दिला. डॉक्टरांनी तो आनंदाने तीन ग्लास प्यायला. एकालाही सांगितलं नाही की ही कावीळ नव्हे. मी विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणाले, "रस चांगला होता."

दुसरा एक छंद होता. दोन्ही डोळ्यांना कागदाची लांबट नळकांडी लावून ते कॅम्पातल्या रस्त्यातून चालायचे. काचबिंदू पिकलेल्या माणसाला एवढंच दिसतं, म्हणायचे, मना बघायचंय तो रस्ता कसा पार करतो. एकदा ते एका केळीवाल्याच्या गाडीवर आदळले. गाडीवाल्याने त्यांच्या सात पिढ्या काढल्या. डॉक्टरांनी नळकांडी उतरवून त्याच्याच डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "आथा तू चाल." तो बिचारा चार पावलं चालून खांबाला धडकला. पुढे तोच केळीवाला त्यांचा गुरुवारचा पेशंट झाला.

या सगळ्यात एक भानगड झाली, जी आमच्याकडेच होऊ शकते. बदलापूर गावात एक माळवाली मावशी होती. कावीळ झालेल्याच्या डोक्यावर ती बारीक काड्यांची माळ ठेवायची. माळ हळूहळू लांबत गळ्यात यायची, मग छातीवर, आणि पोटापर्यंत उतरली की कावीळ उतरली. एरवी याला आठ-दहा दिवस लागायचे. डॉक्टरांचे पेशंट पिवळे होऊन गावी परत जायचे. डॉक्टरांनी शंभरदा बजावलेलं असायचं, पण घरच्या बायकांनी थोडंच काही ऐकलेलं असायचं? त्या पिवळ्या माणसाला बघून किंचाळायच्या आणि धरून मावशीकडे न्यायच्या. मावशी माळ घालायची. दुसऱ्या दिवशी रंग आपोआप उतरलेला. एका रात्रीत कावीळ काढते म्हणून मावशीचं नाव पार अंबरनाथपर्यंत झालं. लोक तिच्याकडे नारळ घेऊन येऊ लागले.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मना तिच्याकरं ने." एका रविवारी घेऊन गेलो. डॉक्टर मावशीच्या ओटीवर मांडी घालून बसले आणि विचारलं, "कोन कोन आयला होता?" मावशीने एका दमात पंधरा-वीस जण सांगितले. नुसती नावं नव्हेत. कोणाचा जावई, घर विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, कोणत्या पाळीला कामाला जातो, सगळं. डॉक्टर वहीत भराभर लिहीत होते. त्यांचं दुखणं हे होतं, की सुई टोचून घेतलेले निम्मे पेशंट सहा महिन्यांनी तपासायला परत यायचे नाहीत, आणि दिलेल्या पत्त्यावर सापडायचेही नाहीत. मावशीला ते सगळे तोंडपाठ होते.

त्या दिवसापासून मावशी माळ उतरवताना प्रत्येकाला दम भरायची, "सा म्हैन्यानी डागदराकरं गेला नाय, तं माल परत वर चढंल." पेशंट धावत यायला लागले. डॉक्टरांना मात्र हे टोचत होतं. ते पुन्हा जाऊन तिला म्हणाले, "मावशे, खोटं कशाला सांगतेस? माल वर चढत नाय."

मावशीने विचारलं, "तुजी सुई तरी खरी हाय का?"

"म्हाईत नाय," डॉक्टर म्हणाले.

"मंग?" मावशी म्हणाली, आणि दोघंही हसायला लागली. त्यांचं शेवटपर्यंत छान जमलं.

सुई खरी की खोटी, हे ठरवायची डॉक्टरांची पद्धत कडक होती. फिल्मला नाव नाही, फक्त नंबर. मी फोटो धुऊन द्यायचो. डॉक्टर भिंगातून तो बघायचे आणि एका चिठ्ठीवर लिहायचे, काळी फाक आहे किंवा नाही. ते सिंधीत लिहायचे, उजवीकडून डावीकडे, जी लिपी मला ओ की ठो कळत नसे. पण 'आहे' हा शब्द सिंधीतही आहेच असतो, हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. हा एकच शब्द त्यांना मराठीत नव्याने शिकावा लागला नव्हता. चिठ्ठी पाकिटात, पाकीट डिंकाने बंद, आणि ते खालच्या मजल्यावरच्या कापडवाल्या शेटजींच्या तिजोरीत. पहिल्या पाकिटापासून पाच वर्षं कोणी उघडायचं नाही. तोवर दर सहा महिन्यांनी प्रत्येक पेशंटची नजर जुन्या पद्धतीने मोजायची. भिंतीवर काळा पडदा, मधोमध पांढरं बटण. एक डोळा झाकून पेशंटने बटणाकडे टक लावायची. डॉक्टर काळ्या काठीच्या टोकाला पांढरी टाचणी लावून तो ठिपका कडेने आत आणायचे. पेशंटने 'दिसला' म्हणायचं, दिसेनासा झाला की 'गेला'. पडद्यावर नजर कमी झालेली आढळली, की त्याच दिवशी थेंब सुरू. पाकिटात काहीही असो, थेंब ठरायचे पडद्यावर. पाच वर्षांनी पाकिटं उघडून बघायचं, सुईला आधी कळलं होतं का.

इथवर मला सगळी गंमत वाटत होती. कामाला मान होता, डार्करूम चालू होती. मग दादांची पाळी आली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बदलापूर गावात भातशेती, वय साठीच्या आसपास, नजर घारीची. ते वाचायच्या चष्म्यासाठी डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांना त्यांच्या डोळ्याचा दाब किंचित जास्त वाटला, जी काचबिंदूची पहिली शंका. पडद्यावर नजर पुरी भरली. दादांनी सुईबद्दलचं सगळं नीट म्हणून दाखवलं, शेवटी वरून म्हणाले, "आनि तुना म्हाईत नाय ते मना म्हाईत कशाला पायजे? टोच." त्या गुरुवारी दादा सगळ्यात शेवटी होते. रोलमधले शेवटचे सहा फोटो त्यांचे, हे मला नाव नसलं तरी कळणारच होतं.

ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटायला लागलं. शिरा पांढऱ्याशुभ्र झाल्या, चकती उजळली, आणि तिच्या खालच्या बाजूला एक फाक काळीच राहिली. मी तो कागद जास्त वेळ ठेवला, दुसरा काढला, तिसरा काढला. फाक जिथल्या तिथं. तोवर दीड वर्ष मी हे फोटो बघत होतो. डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहिणार हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, शेवटच्या नंबरला थेंब सुरू करा."

"नंबरला नाव नाय," ते म्हणाले. "पडद्यावर सगलं बरोबर हाय. मी चित्राला थेंब कसे घालू? ते थेंब डोल्याला झोंबतात, डोकं दुखतं. आनि चित्र खोटं असलं तं?"

"आणि खरं असलं तर?"

त्यांनी वही उघडून त्या नंबरापुढे तारीख लिहिली. मग म्हणाले, "म्हनून तं सहा म्हैने. एकबी खेप चुकवू नको त्याची."

मला भयंकर राग आला. मनात आलं, हा माणूस आपल्या सुईसाठी माझ्या बापाची नजर पणाला लावतोय. याची सुई पास व्हायची तर दादा आंधळे व्हायला हवेत. मग याला काय हवं असेल? दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. फोटो अदींकडे ठेवायचो आणि पापड न घेता जिना उतरायचो. अदींना ते कळत होतं. त्या माझ्या खिशातच पापड कोंबायच्या.

मग मी माझ्या अकलेने एक उद्योग केला. बायकोच्या जुन्या साडीचं काळं अस्तर घेतलं, मधोमध शर्टाचं बटण शिवलं, आणि दर रविवारी बदलापूरला जाऊन दादांची नजर मोजू लागलो. सहा महिने थांबायची माझी तयारी नव्हती. दादा ओटीवर भिंतीला टेकून बसायचे. "आयला काला परदा," म्हणायचे. पण बसायचे. टाचणी वरून खाली, डावीकडून उजवीकडे, मी डॉक्टरांना जसं करताना पाहिलं होतं तसंच. दादा एकदाही चुकले नाहीत. मी खूश होऊन अंबरनाथला परत यायचो.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दादांना पडद्यासमोर बसवलं. मी शेजारी उभा. टाचणी आत आली. "दिसला." डावीकडून, "दिसला." सगळीकडे दिसला. डॉक्टर मध्येच थांबले. टाचणी एका जागेवर धरून त्यांनी हलकेच विचारलं, "आथा?"

"दिसतोय की," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी काठी खाली ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टुडिओ, तू काय केलंस?" ते मला नावाने कधी हाक मारत नसत.

प्रत्येक निरोगी डोळ्यात एक जागा अशी असते, की तिथं कोणालाच काही दिसत नाही. नस जिथून डोळ्याबाहेर पडते ती ही जागा. तिथं टाचणी नेली की राजालाही दिसत नाही आणि रंकालाही. दादांना तिथं दिसत होतं. म्हणजे ते टाचणी बघतच नव्हते. पंधरा-सोळा रविवार टाचणी त्याच वाटेने फिरली होती, ती कुठून येते आणि कुठे जाते हे त्यांना शेताच्या बांधासारखं पाठ झालं होतं, आणि आपला पोरगा 'दिसला' ऐकून खूश होतो हेही त्यांना कळलं होतं. मी विचारलं तेव्हा ते खाली बघून म्हणाले, "तू लय कालजीत होतास ना."

आता दादांना खरंच किती दिसतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त वहीत दादांच्या नंबरावर रेघ मारून म्हणाले, "हे पाकीट बाद. आथा हा मोजनीत नाय. आथा नुसता पेशंट."

पुढचे चार रविवार डॉक्टर स्वतः बदलापूरला आमच्या घरी आले. पडदा कधी उलटा टांगायचे, कधी आडवा. कधी लाल टाचणी, कधी पांढरी, कधी काठी हलवायची आणि टाचणीच नाही. दादा गोंधळायचे, चिडायचे. आई मध्ये बोंबील-भाकर आणून ठेवायची, ती खाऊन दोघं पुन्हा बसायचे. दादांची पाठ केलेली वाट हळूहळू पुसली गेली. चौथ्या रविवारी टाचणी त्या जागेवर आली आणि दादा म्हणाले, "गेला."

"कुठं गेला?"

"मना काय म्हाईत? होता, आनि गेला."

एखाद्याला काही दिसत नाही हे ऐकून मला इतका आनंद आधी कधीच झाला नव्हता. डॉक्टरांनी मग सगळी नजर पुन्हा मोजली. ती पुरी होती. पुढेही दर सहा महिन्यांनी पुरीच भरत गेली. पण ती काळी फाक माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही, आणि डॉक्टरांबद्दलची अढीही पुरती गेली नाही. बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं, पापड खायला लागलो, तरी आत कुठेतरी वाटायचंच, की या माणसाला मनातून सुई पास झालेली हवी आहे. का नको असावी? एवढी वर्षं घातली, तीही अदींच्या डोळ्यांपायी.

पाकिटं उघडायचा दिवस नव्वद सालाच्या सुरुवातीला आला. दवाखाना दुपारी बंद ठेवला होता. शेटजी तिजोरीतली पाकिटांची चळत घेऊन वर आले. डॉक्टरांनी आपल्या चिठ्ठ्या आपणच वाचायच्या नाहीत, असाही नियम होता, मनात असेल ते वाचलं जातं म्हणून. मला सिंधी येत नाही, अदींना दिसत नाही. तेव्हा वाचणार शेटजी, सहा-सहा महिन्यांची मोजमापं वहीतून मी सांगणार, आणि डॉक्टर दोन रकान्यांत खुणा करणार. बाद झालेलं दादांचं पाकीट डॉक्टरांनी बाजूला ठेवलं. मी म्हणालो, ते आधी वाचा. मोजणीत नाही, पण मला ऐकायचंय. डॉक्टर जरा घुटमळले आणि मग हो म्हणाले.

शेटजींनी पाकीट फाडलं, चष्मा सारखा केला. "आहे," त्यांनी वाचलं. मग चिठ्ठी जवळ नेली. "नीचे और भी लिखा है. शाल ग़लत हुजे."

"म्हणजे?"

"शाल मतलब, भगवान करे. भगवान करे ये ग़लत निकले." शेटजी चिठ्ठी हातात धरून डॉक्टरांकडे बघायला लागले. "साईं, ये क्या है? अपने ही ख़िलाफ़?"

डॉक्टर पेन्सिलला टोक करत होते. मला वाटलं, यांनी नंबरावरून दादांना ओळखलं होतं आणि माझ्याखातर हे लिहिलं. साडेतीन वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात भांडत आलो होतो. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेटजींनी पुढचं पाकीट उघडलं. वहीतल्या नंबरावरून ते केळीवाल्याचं होतं. "आहे," शेटजी म्हणाले. "शाल ग़लत..."

"खालचं वाचू नका," डॉक्टर म्हणाले. "ते मोजनीत नाय."

शेटजींनी मान हलवली आणि ते एकेक पाकीट फोडत गेले. मी वहीतून सांगत गेलो, डॉक्टर खुणा करत गेले. निम्मी चळत संपेतो सगळ्यांना कळून चुकलं. काळी फाक असलेल्या कितीतरी जणांची नजर ठणठणीत होती, आणि ज्यांना मधल्या काळात थेंब सुरू करावे लागले त्यांच्यात फाक नसलेलेही तेवढेच होते. सुई नापास झाली होती. अदींनी विचारलं, "नापास?" डॉक्टर म्हणाले, "हा, अदी," आणि पुढची खूण केली. शेटजी आता पहिलाच शब्द वाचत होते. नाहे. नाहे. आहे. पण 'आहे' आला, की दर वेळी ते थोडे थांबायचे, खालची ओळ मनात वाचण्यापुरते, आणि डॉक्टर तेवढा वेळ पेन्सिल उचलून धरायचे, मान खाली घालून.